डावऱ्याचा हात

झाकण पत्र्याचं — खोकल्याच्या गोळ्यांच्या गोल डबीचं; मधोमध अंगठ्याएवढा खळगा, आणि त्या खळग्यातला रंग इतका घासून गेलेला की खालचा पांढरा पत्रा दिसतोय. दाबलं की कड, सोडलं की कट्ट. लगेच सोडलं तर आखूड, जरा धरून सोडलं तर लांब... बस, एवढंच. एवढ्यावर तारमास्तरांनी तार ऑफिसात छत्तीस वर्षं काढली, लोकांची लग्नं, बाळंतपणं, मरणं सगळी एवढ्यावर इकडून तिकडे पोचवली. आत्ता मात्र ते झाकणावर नुसतं बोट ठेवून बसले होते. समोर टेबलावर फोन. फोनमध्ये त्यांच्या मित्राचा, डावऱ्याचा, दहा वाजता आलेला निरोप — एक्केचाळीस सेकंदांचा. तो त्यांनी चार वेळा ऐकला होता. पाचव्यांदा ऐकायची छाती होत नव्हती.

एक्केचाळीस सेकंद! पहिल्यांदा ऐकताना त्यांना रागच आला होता. तीन शब्द — 'आहेस? हात बरा.' — आणि शेवटी डावऱ्याची दोन अक्षरांची सही. एवढ्याला डावऱ्याला दहा सेकंद पुष्कळ झाले. अरे लेका, भराभर मार की, मी काय काल भरती झालोय?... असं ते चक्क मोठ्याने बोलले होते, रिकाम्या खोलीत, आणि मग तेच वाक्य आपण पूर्वी कधीतरी ह्याच माणसाला ऐकवलं आहे हे त्यांना आठवलं. कधी ऐकवलं ते त्यांना माहीत होतं. पण तिकडे मन नेलं नाही. तिकडे नको. त्यांनी निरोप पुन्हा लावला, आणि पुन्हा, आणि पुन्हा.

एकोणीस दिवस डावऱ्याने झाकण वाजवलं नव्हतं. एकोणीस दिवस नुसती टाइप केलेली अक्षरं. 'हात दुखतो आहे. डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितली आहे. आपण प्रकृतीला जपावे.' आपण! जन्मात ह्या माणसाने मला आपण म्हटलं नाही. मागच्या वर्षी छातीत कळ येऊन मी आठवडाभर दवाखान्यात होतो तेव्हा ह्याचा निरोप काय, तर 'मेलास की काय रे? कळव' — आणि तो वाचून नाकात नळी असताना मला असं हसू फुटलं की नर्स धावत आली. तो माणूस प्रकृतीला जपावे म्हणतो? तारमास्तरांच्या मनात पाल चुकचुकली होती ती तेव्हाच, पहिल्याच दिवशी. पण संशय आला की विचारावं लागतं, आणि विचारलं की उत्तर येतं... त्यांनी अठरा दिवस विचारलं नाही. काल मात्र राहवलं नाही. काल त्यांनी टाइप करायला लावलं — सूनबाईलाच लावलं, त्यांना ते बारीक बटणांचं काही जमत नसे — 'हाताचं सोंग पुरे झालं. उद्या दहाला झाकण वाजव, नाहीतर मी गाडी पकडून तिकडे येतो.' सूनबाईने ते लिहिलं. लिहिताना तिची बोटं मध्येच थांबली होती. "बाबा, खरंच पाठवू?" तिने विचारलं होतं.

"पाठवू म्हणजे? पाठव."

आणि आज दहाच्या ठोक्याला आलं. वेळ अगदी बरोबर. डावऱ्या कधीच वेळेवर यायचा नाही, दहा वाजून दोन, दहा वाजून सात... हेही आत्ता लक्षात येतंय.

दारात सावली हलली. सूनबाई चहाचा कप घेऊन उभी. कप टेबलावर ठेवून ती जायची तशी गेली नाही. टेबलावर नसलेली धूळ पदराने पुसत राहिली.

"आला का काकांचा मेसेज?"

"आला."

"बरंय ना मग त्यांचं?"

तारमास्तरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. ती फोनकडे बघत होती, झाकणाकडे बघत होती, चहाकडे बघत होती. चांगली मुलगी. खोटं बोलायला एकदम नालायक. बरोबर वीस दिवसांपूर्वी हिनेच फोन काढून नेला होता — 'बिघडलाय बाबा, दुरुस्तीला दिलाय, एक दिवस लागेल' — आणि मी म्हटलं होतं, बिघडलाय कसला, काल रात्रीपर्यंत तर धड होता. दुसऱ्या दिवशी परत आला तो असा, हात दुखणारा, आपण म्हणणारा.

"बरंय," ते म्हणाले. "हात बरा आहे म्हणतो."

"हं," ती म्हणाली, आणि चहा निवेल म्हणाली, आणि गेली. स्वयंपाकघरात नळ सोडल्याचा आवाज आला. नळाखाली काही धुतल्याचा आवाज मात्र आला नाही.

डावऱ्याचं तोंड त्यांनी ओळख झाल्यावर अकरा वर्षांनी पाहिलं. लोकांना हे सांगितलं तर खोटं वाटतं. एका तारेच्या एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला तो, मध्ये तीनशे मैल. रोज सकाळी तार शाबूत आहे का बघायला पहिला निरोप हाच — 'आहेस?' — 'आहे. तू?' — 'आहे' — आणि मग दिवसभराचं काम. चेहरा नाही, आवाज नाही, नुसता हात. पण हात म्हणजे काय कमी असतं? हातावरून कळायचं, आज घरी भांडून आलाय. आज पोट बिघडलंय. आज खुशीत आहे — कारण खुशीत असला की डावऱ्या निरोपाचं शेवटचं अक्षर सोडायचा नाही, लांबवायचा, रेंगाळायचा, दारात निघताना पाहुणा चप्पल घालून परत बोलत उभा राहतो तसा. साहेब ओरडायचे, ह्याच्या तारेला शेपूट आहे. दहा ऑफिसांतल्या दहा जणांनी एकदम वाजवलं असतं तरी मी डोळे मिटून सांगितलं असतं, हा आपला. पुढे बदलीच्या निमित्ताने भेट झाली तेव्हा समोर एक बुटका, टकला, डाव्या हाताने सिगरेट ओढणारा इसम उभा; आणि मला वाटलं, हा कोण? हा तो नव्हेच. दोघंही खुळ्यासारखे बघत राहिलो. प्रवास कसा झाला, बरा झाला, हवा कशी आहे, बरी आहे. शेवटी त्यानेच टेबलावर काडेपेटी वाजवली — 'आहेस?' — आणि मग आम्ही जे हसलो... तेव्हापासून तो डावऱ्या.

फोनचंही तसंच झालं. दोन वर्षांपूर्वी इकडून सूनबाईने आणि तिकडून डावऱ्याच्या मुलीने जमवून आणलं, दोन्ही म्हाताऱ्यांना समोरासमोर बसवलं, व्हिडिओ कॉल. ह्यांना त्याचं कपाळ दिसत होतं, त्याला ह्यांचा पंखा. जेवलास? जेवलो. तू? मीपण. सूनबाई मागून खुणा करतेय, बोला, बोला ना बाबा. काय बोलणार? आणि मग तिकडून डावऱ्याने कुठलीशी डबी उचलली आणि झाकण दाबलं. कड. कट्ट. तारमास्तरांच्या अंगावर काटा आला होता. एकवीस वर्षांत कोणी त्यांच्याशी त्या भाषेत बोललं नव्हतं. तार बंद झाली, ऑफिसच्या जागी दुसरंच काही आलं, कानात मात्र ते सगळं तसंच पडून होतं. चित्र मध्येमध्ये अडकायचं, आवाज तुटायचा, तेव्हा डावऱ्याच्या मुलीने युक्ती सांगितली: माइकचं चित्र दाबून वर सरकवा काका, बोट सोडलं तरी चालतं, मग निवांत वाजवा आणि झालं की बाण दाबून पाठवा. तेव्हापासून रोज. दोन वर्षं. घरातले झोपेत असोत, कामावर असोत, दुपार कितीही लांबलचक असो — दहाला कोणीतरी मला विचारत होतं, आहेस?

कोणीतरी नव्हे. तो.

त्यांनी चहा घेतला. निवला होता. कप बशीवर ठेवताना वाजला, आणि त्या आवाजाबरोबर जणू दुसऱ्याच कुणीतरी बोट पुढे करून निरोप पाचव्यांदा लावला.

आता राग नव्हता, म्हणून ऐकू आलं. पहिलं अक्षर स्वच्छ. फार स्वच्छ. शिकाऊंच्या तक्त्यात छापल्यासारखं, आखूड ते आखूड, लांब ते लांब, मोजून. दोन अक्षरांच्या मध्ये अंतर — आणि त्या अंतरात कागदाची बारीकशी सळसळ, बघून पुढचं वाजवायचं म्हणून. खोकला नाही. डावऱ्या एका निरोपात निदान दोनदा खोकायचा, सिगरेट सुटून जमाना झाला तरी. इथे नुसता श्वास, रोखून धरलेला, शब्द संपला की सुटलेला. हलका, तरुण माणसाचा. आणि 'आहेस'च्या शेवटी — तारमास्तरांनी डोळे गच्च मिटले — शेवटच्या अक्षराला शेपूट. 'हात'ला शेपूट. 'बरा'ला शेपूट. डावऱ्याच्या पोरीने शेपूटसुद्धा घातलं होतं! जुने निरोप लावून लावून ऐकले असतील, बापाच्या फोनमधले, सातशे कितीतरी, आणि कान देऊन हेरलं असेल की बाबा शेवट लांबवतात. फक्त तो एकदाच लांबवायचा, अगदी शेवटी, आणि तेही खुशीत असला तर... हे तिला कोण सांगणार? जो सांगणार तो —

तिकडे मन नेलं नव्हतं, ते आता आपसूक गेलं. पस्तिशीतले आपण, सकाळची पाळी, आणि डावऱ्याकडून येणारी तार अशीच, एकेक अक्षर सुटं सुटं, नवख्याला द्यावी तशी. आपण वैतागून मध्येच तोडून वाजवलं होतं, भराभर मार, मी काय काल भरती झालोय? तिकडून मग पुन्हा तसंच, हळू. पहिला शब्द आई. दुसरा शब्द यायच्या आधीच कळलं होतं, त्या हळूपणावरूनच कळलं होतं. माझ्याच नावावरची तार मीच कागदावर उतरवून घेत होतो आणि तीनशे मैलांवर तो माणूस मला प्रत्येक अक्षरानंतर श्वास घ्यायला वेळ देत होता. परक्यांची शेकडो मरणं आम्ही धाडधाड मारली, हात कापता कामा नये असा नियमच होता. तेवढ्या एका तारेला त्याने हात हळू केला.

म्हणजे गेला.

डावऱ्या गेला. तारमास्तरांनी हे मनात पहिल्यांदा पूर्ण वाक्यात म्हटलं, आणि एवढे दिवस दाबून धरलेलं रडू आलं ते अगदी साधं आलं, लहान मुलाला येतं तसं, नाक गळत. वीस दिवस झाले. मला नेलं नाही, सांगितलं नाही. मी इथे बसून त्याला सोंग करू नको म्हणून दटावत होतो. माझ्या छातीला जपायचं म्हणून दोन घरांनी मिळून मला मूल केलं. चिडावं, फोन भिंतीवर आपटावा, सूनबाईला हाक मारून विचारावं, मी तुमचा कोण लागतो...?

आणि ती पोर? आठ वर्षांची असताना सुट्टीत बापाबरोबर इकडे आली होती, ऑफिसात टेबलाखाली बसून राहायची. "काका, मला शिकवा ना." आणि आपण हसलो होतो. "तुला नाही जमायचं, चिमणे. हात बसायला वर्षं जातात." ते ती विसरली असेल असं वाटलं होतं. कालचा दटावणीचा मेसेज वाचून एका रात्रीत हे येत नाही. मी शिकवलंय पन्नास जणांना, मला ठाऊक आहे. म्हणजे ती पहिल्या दिवसापासून बसली असणार. घरात माणसं भेटायला येताहेत, बापाचे कपडे कपाटात तसेच आहेत, आणि ही आतल्या खोलीत दार लावून तक्ता पुढे ठेवून कड, कट्ट, कड... एका म्हाताऱ्याला कळू नये म्हणून. कळू नये म्हणून! अगं वेडे, मला पहिल्या अक्षराला कळलं.

आणि तिने 'आहे' वाजवलेलं नाही. फक्त विचारलंय, आहेस? आता मी म्हणायचं, आहे. तू? — आणि मग तिला वाजवावं लागणार, आहे. त्याच्या झाकणावर, त्याच्या सहीने. मी विचारलं की तिला खोटं बोलावंच लागेल. न विचारलं तर दोन वर्षांत पहिल्यांदा मी विचारलं नाही हे तिला कळेल, आणि मग उद्या दहाला कोणी नाही. परवा नाही. मग फोन म्हणजे नुसती घड्याळ दाखवणारी पाटी. मला उद्याचे दहा हवे आहेत, हो, मला लाज वाटत नाही सांगायला. पण तिच्या बोटाकडून ते 'आहे' मला ऐकवणार नाही.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

त्यांनी नाक पुसलं. माइकचं चित्र दाबलं, वर सरकवलं. आकडे पळायला लागले. झाकणावर बोट ठेवलं आणि सुरू केलं — आ... हे... आणि दुसऱ्या अक्षराशी त्यांच्या ध्यानात आलं की हात हळू चालला आहे. त्यांनी ठरवलं नव्हतं. अक्षरं सुटी सुटी पडत होती, मध्ये मोकळी जागा राहत होती, कुणाला कागदावर बघता यावं इतकी. 'आहे' संपलं. 'तू' यायचं ते आलं नाही. बोट खळग्यात थांबून राहिलं, सेकंद पळत राहिले.

मग त्यांनी झाकण उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं. डावा अंगठा आडमुठा, म्हातारा, कधी कामाला न लावलेला. त्याने त्यांनी डावऱ्याची सही वाजवली, दोनच अक्षरं. वेडीवाकडी आली, आणि शेवटच्या अक्षराला शेपूट घातलं — हे असं, चिमणे, एकदाच, अगदी शेवटी, आणि सोडवत नाही तोवर सोडायचं नाही... पत्रा अंगठ्याखाली दबून राहिला.

सोडला तेव्हा कट्ट असा एवढासा आवाज झाला. तारमास्तरांनी पाठवायचं, बाणाचं बटण एवढ्यात दाबलं नाही. आकडे पळत होते, खोलीत काही वाजत नव्हतं. नवख्याला उतरवून घ्यायला वेळ लागतो.