हलकं भडंग

क्रांतीला आठ आठवड्यांत सहा किलो उतरवायचे होते. लग्नकार्यात साडी शोभावी म्हणून नव्हे हो! धाकट्या भावाला, उदयसिंहाला, स्वतःची एक किडनी द्यायची म्हणून. रक्तगट जुळला, नवऱ्यानं सही केली, सासूनं तोंड वाकडं केलं पण गप्प बसली. सगळं पार पडलं आणि घोडं अडलं ते वजनकाट्यावर. "ब्याऐंशीवरनं शहात्तरवर या, मग ऑपरेशनची तारीख देतो," डॉक्टर म्हणाले.

सहा आठवडे गेले आणि बाई साडेऐंशीवर ठाण मांडून बसल्या.

जीव नुसता खालीवर. शाळेत फळ्यावर गणित घालता घालता खडू हातात तसाच राहायचा आणि मुलं म्हणायची, "बाई, पुढं?" मेडिकलच्या दारात काटा दिसला की ही चढलीच. आधी चपला काढून, मग पर्स खाली ठेवून, मग मंगळसूत्र चाचपून, की ह्याचं किती धरायचं? काटा काय माहेरचा आहे होय, भीड धरायला! सकाळी काकडी, दुपारी एक भाकरी नि मोडाची मटकी, चहा बिनसाखरेचा. मखाणे आणून पाहिले, ते थर्माकोल चावल्यासारखे लागले. फुटाण्यांनी पोट डब्ब झालं. आणि एवढं करून पाच वाजले की भूक अशी खवळायची की शेजारणीच्या घरातली फोडणी हिच्या पोटात तडतडायची. आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेल्या कागदावर पाचच्या पुढं लिहिलं होतं : चुरमुरे, एक वाटी.

आता तुम्हीच सांगा, सांगलीच्या माणसाला चुरमुरे म्हटल्यावर काय दिसणार? कोरडे चुरमुरे घोड्यापुढं ठेवले तर घोडंसुद्धा रुसेल. चुरमुरे म्हणजे भडंग! भरपूर लसूण, शेंगदाणे, कढीपत्ता, लाल चटणी, वर पिठीसाखरेची चिमूट. उदयसिंह फौजेतनं आजारी होऊन आला तेव्हापासून आठवड्यातनं तीनदा दोघांची आई, शालूबाई, त्याला आष्ट्याहून सांगलीला डायलिसिसला आणायची. येताना लेकीसाठी भडंगाचा डबा. "खा गं बाय. हवेगत हलकं असतंय. चुरमुऱ्याला कसलं आलंय वजन?"

बुधवारी दवाखान्यात उदयसिंह आत मशीनवर होता. आहारतज्ज्ञ बाईंनी क्रांतीला बोलावलं, काट्यावर चढवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा साडेऐंशी.

"पाच वाजता काय खाता?"

"चुरमुरे. तुम्ही लिहिलेत तेच."

"दाखवा बघू." डबा पिशवीतच होता. बाईंनी चिमूटभर भडंग कागदावर ठेवून दाबलं, आणि कागद आरपार दिसायला लागला. "अहो, हे तेलात पोहतंय. अंगाला लागलेलं नव्हे, ओतलेलं तेल आहे हे! आता दोनच आठवडे उरलेत. नाही उतरलं तर तुमचं नाव कापावं लागेल. मग तुमच्या भावाला किडनीच्या यादीत थांबावं लागेल, नंबर लागेपर्यंत."

क्रांती तरातरा बाहेर आली. बाकावर शालूबाई डोळे मिटून बसली होती.

"आई, किती तेल घालतीस गं ह्यात?"

"घालते आपलं, नेहमीसारखं."

"नेहमीसारखं? माझ्या गळ्याची शपथ घे."

शालूबाईनं डोळे उघडले. शपथ काही घेतली नाही. "पयल्यांदा चुकून," ती हळूच म्हणाली. "कागदावर चुरमुरे हायत म्हनलीस, मी आपलं भडंग केलं. मागनं दवाखान्यातल्या एका बाईनं सांगितलं, की भडंग चालत न्हाई म्हनून. तवा कळलं."

"आणि तरी केलंस?"

"व्हय, केलं. पळीभर जास्तच घातलं!" शालूबाईचा आवाज चढला, बाजूचे दोघं वळून बघायला लागले. "माजी दोनच लेकरं. एक तितं मशिनीला, दुसरं मेजावर झोपवू? दोन्ही एका दिवशी? मला कोनी इचारलं? माजी किडनी न्या म्हनलं तर शुगर हाय म्हनत्यात."

क्रांतीच्या तोंडाशी शिव्या आल्या होत्या. सगळा राग गोळा करून ती आईपुढं उभी राहिली आणि एकदम तिच्या शेजारी बसली. कारण खरं काय ते तिलाही ठाऊक होतं. वाटी संपली की बोटं लालभडक व्हायची, ती पदराला पुसायची, आणि पुन्हा डब्यात हात घालायची. लहानपणापासून भडंग खात आलेल्या बाईला तेल कळत नाही होय? काट्यानं साडेऐंशी दाखवले की जीव तळमळायचा हे खरं, पण त्याच्या तळाशी कुठंतरी एक श्वास सुटायचा, की आज नाही. अजून नाही.

"आई," ती म्हणाली, "मला लय भ्या वाटतंय गं."

शालूबाईनं तिचा हात घट्ट धरला. दोघी तशाच बसल्या असताना उदयसिंह बाहेर आला. दंडाला पट्टी, चेहरा उतरलेला.

"काय झालं, अक्का?"

"वजन न्हाई उतरलं रं. भडंग खात होते. कळत असून खात होते."

"ठाव हाय मला." तो बाकाच्या कडेला टेकला. "सुई टोचताना माजा हात धरतीस न्हवं? लसणीच्या तेलाचा वास येतोय तुज्या हाताला. महिना झाला."

"मग बोलला का न्हाईस, मेल्या?" शब्द गेला आणि क्रांतीनं जीभ चावली.

उदयसिंहाला त्याचं काही नव्हतं. तो फरशीकडं बघत म्हणाला, "काय बोलू? किडनी तुजी हाय, अक्का. भावानं बहिणीकडं असलं मागायचं कुठल्या तोंडानं?"

क्रांती उठली. पदर खोचला आणि आहारतज्ज्ञ बाईंच्या दाराकडं निघाली.

"आता कुठं?" शालूबाई म्हणाली.

"विचारून येते, चौदा दिवसांत काय काय सोडायचं ते."

"भ्या वाटतंय म्हनलीस न्हवं?"

"वाटतंय की," क्रांती म्हणाली, आणि तिनं दार ढकललं.