रामलिंग तालमीचे मास्तर

हंबीररावाची सकाळ म्हशींच्या धारा काढण्यात जायची आणि संध्याकाळ रामलिंग तालमीच्या कट्ट्यावर. तालमीच्या फुटबॉल संघाची मॅच असली की त्याच्या गिऱ्हाइकांना ठाऊक असायचं, आज संध्याकाळचं दूध दुपारीच येणार, नाहीतर येणारच नाही. तो स्वतः संघातून कधी खेळला नव्हता. वडील लवकर गेले आणि म्हशी त्याच्या गळ्यात पडल्या. पण शाहू स्टेडियमवरची तालमीची मॅच त्यानं कधी चुकवली नव्हती. लग्नाच्या आदल्या दिवशी अंगाची हळद तशीच ठेवून तो पायऱ्यांवर जाऊन बसला होता.

शहात्तर सालचा मोसम मात्र त्याला बघवेना. संघ हरत होता, आणि हरण्याची सवय झाल्यासारखा हरत होता. संघाची सगळी जबाबदारी दत्तोपंतांकडं होती. ते शाळेतले कवायतीचे मास्तर, आता निवृत्त झालेले. पेठेतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखालून गेली होती, हंबीररावही. खेळाडू निवडायचे त्यांनी, सराव घ्यायचा त्यांनी, आणि हरल्यावर मान खाली घालून तालमीत यायचं तेही त्यांनीच.

हंबीररावाचा सगळा राग गोलकीपरवर होता. जोतीराम पस्तिशी ओलांडलेला, अंगानं सुटलेला. खालून आलेल्या चेंडूला वाकेपर्यंत चेंडू जाळीत असायचा. तरी दर मॅचला मास्तर त्यालाच उभं करायचे.

एकदा कट्ट्यावर हंबीररावानं विषय काढला. "मास्तर, जोतीरामाला आता बसवा की. त्याच्यानं व्हत न्हाई."

"बघू," मास्तर म्हणाले.

"मागच्या बारीला बी बघूच म्हणलासा. कवा बघणार?"

 मास्तरांनी शिव्या दिल्या असत्या तरी हंबीररावाला चाललं असतं, पण त्यांच्या गप्प बसण्यानं त्याचं डोकं आणखी फिरलं.

पुढची मॅच शेजारच्या पेठेशी होती. पायऱ्यांवर बसायला जागा नव्हती. मध्यंतरापर्यंत संघावर तीन गोल झाले, नंतर चौथा झाला. पाचवा जोतीरामच्या दोन पायांमधून गेला आणि समोरच्या पायऱ्यांवरची माणसं हसली. ते हसू हंबीररावाला सहन झालं नाही. तो कुंपण ओलांडून आत शिरला आणि कुणी अडवायच्या आत त्यानं रेषेजवळ उभ्या असलेल्या मास्तरांच्या कानशिलात लगावली.

मास्तरांचा चष्मा गवतात पडला. त्यांनी वाकून तो उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला. एका काचेला तडा गेला होता. तसाच तो डोळ्यांवर चढवून ते मैदानाकडं वळले आणि म्हणाले, "जोतीराम, चेंडू मध्ये दे. खेळ थांबवू नका."

बंदोबस्ताच्या हवालदारानं हंबीररावाचा दंड धरला. मास्तर त्याला म्हणाले, "सोडा त्याला. आमच्या तालमीतलंच माणूस आहे."

तालमीनं मात्र सोडलं नाही. त्याच आठवड्यात बैठक झाली. मोसम संपेपर्यंत हंबीररावानं तालमीची पायरी चढायची नाही आणि स्टेडियममध्ये पाय ठेवायचा नाही, असं ठरलं.

घरी तानाबाईनं, त्याच्या बायकोनं, त्याच्यापुढं ताट ठेवलं आणि ती म्हणाली, "बापाच्या वयाच्या माणसावर हात टाकलासा. बॉलपायी." त्यानं ताट बाजूला सारलं.

मॅचच्या दिवशी तो सायकल घेऊन स्टेडियमच्या भिंतीबाहेर उभा राहू लागला. आतलं काही दिसायचं नाही. ओरडा कुठल्या अंगाच्या पायऱ्यांवरून उठला, यावरून गोल कुणाचा ते त्याला समजायचं. बहुतेक वेळा तो पलीकडून यायचा.

शेवटची मॅच हरली तर संघ वरच्या गटातून खाली जाणार होता. त्या दिवशी दोनदा ओरडा झाला आणि दोन्ही वेळा तो पलीकडूनच आला. मग शिट्टी वाजली. माणसं मास्तरांच्या नावानं बोटं मोडत बाहेर पडली. ओळखीचा एक जण हंबीररावापाशी थांबला. "तू हाणलास ते बरोबरच केलंस. तवाच हाकलायला पायजे हुतं म्हाताऱ्याला." हंबीररावानं त्याच्याकडं पाठ केली. 

गर्दी ओसरल्यावर मास्तर एकटेच बाहेर आले. चेंडूंचं पोतं त्यांच्या खांद्यावर होतं. हंबीररावानं पुढं होऊन पोतं घेतलं आणि सायकलला अडकवलं. मास्तरांनी घेऊ दिलं. दोघं मंगळवार पेठेच्या दिशेनं चालू लागले.

 थोडं अंतर गेल्यावर हंबीररावानं विचारलं, "मास्तर, जोतीरामाला का बसवलं न्हाई ओ?"

"सकाळच्या सरावाला किती जण येतात, कधी बघितलंयस?"

"न्हाई. धारंची येळ असती."

"सात-आठ. कधी पाचच. पोरं उद्यमनगरात फौंड्रीत लागलीत. रात्रपाळी करून आलेल्या पोराला पहाटे उठवायचं कसं? जोतीराम तेवढा रोज येतो. दर मॅच झाली की मला म्हणतो, मास्तर, आता मला सोडा. दुसरा गोलकीपर असता तर सोडला नसता का मी?"

"मग हे तालमीत का सांगितलं न्हाईसा?"

"काय सांगू? रामलिंग तालमीच्या सरावाला अकरा माणसं जमत नाहीत म्हणून? ते एकदा बाहेर पडलं की येतात तीही यायची नाहीत."

हंबीररावानं सायकल थांबवली. "मास्तर, त्या दिवशी माझ्याकडनं..." 

मास्तर म्हणाले, "लागलं मला. खोटं कशाला बोलू? गालाला नाही. तुला मी शिकवलंय, म्हणून लागलं. अजून मनातून जात नाही." मग पुढं पाऊल टाकत ते म्हणाले, "चल. पोतं तालमीत टाकून घरी जायचंय."

तालमीच्या दारात पोतं उतरवून हंबीरराव पायरीखालीच उभा राहिला.

उन्हाळ्यात गांधी मैदानावर सराव पुन्हा सुरू झाला. तानाबाईनं धारा काढायचं अंगावर घेतलं आणि एका पहाटे हंबीरराव मैदानावर गेला. सहा जण आले होते. जोतीरामनं आता खेळणं सोडलं होतं. मास्तरांनी हंबीररावाकडं पाहिलं आणि गोलच्या खांबांकडं हात केला. "उभा राहा तिथं. पोरांना मारायला समोर कुणीतरी पाहिजे."

चाळिशीतला हंबीरराव धोतर खोचून अनवाणी उभा राहिला. पहिला चेंडू त्याला दिसलाच नाही. दुसरा छातीवर बसला आणि त्याचा श्वास कोंडला. पोरं हसली. मास्तर हसले नाहीत. "गुडघे वाकव," एवढंच म्हणाले. चेंडू आणायला हंबीरराव कुंपणापर्यंत गेला आणि परत येऊन उभा राहिला.

त्या वर्षी तो रोज जात राहिला. जाताना वाटेतल्या दोन-तीन पोरांच्या दारावर थाप मारायचा. कधी पोर उठायचं, कधी आतून त्याची आई सांगायची, आत्ताच कामावरनं आलंय, झोपू दे. मग तो पुढं जायचा. संघाला उद्यमनगरातलाच एक नवा गोलकीपर मिळाला, तरी संघ वरच्या गटात काही परतला नाही. मास्तर आणि तो सरावापुरतं बोलायचे, जास्त नाही.

मॅचला हंबीरराव पुन्हा पायऱ्यांवर बसू लागला. शेजारचं कुणी मास्तरांना शिव्या द्यायला लागलं की तो त्याच्याशी भांडायचा नाही. उठून दुसऱ्या पायरीवर जाऊन बसायचा.