पहिलं ऐकणं

अजिमने एका अंगाने आणि वरदने दुसऱ्या अंगाने धरला, तरी नवा अ‍ॅम्प्लिफायर सिनेमाच्या पडद्याखालच्या कप्प्यात सरकवताना दोघांच्या मानेच्या शिरा वर आल्या.

"एवढा आवाज काढायला एवढं लोखंड?" अजिम कपाळ पुसत म्हणाला. "यापेक्षा कंपनीतल्या प्रेसची डाय हलकी, राव."

"काका, वजन म्हणजेच दम," वरद म्हणाला. "जुना चढ्या आवाजाला धापा टाकायचा. हा टाकणार नाही."

प्रभाकर सोफ्याच्या मधोमध बसला होता. वरदने मोजमाप करून ती जागा ठरवली होती आणि फरशीवर चिकटपट्टीने आखली होती. आकुर्डीच्या फ्लॅटमधली ही सगळ्यांत लहान खोली. भिंतींना काळा फोम, खिडकीला जाड पडदा, दाराला खालून रबर. मृदुलाने दार ओढून घेतलं आणि प्रभाकरला कंपनीतली पेटी आठवली. दरवर्षी कान तपासायला त्या पेटीत बसवतात. तिला निदान काच असते. काचेतून तपासणाऱ्या बाईंचा हात दिसतो. हात बटणाकडे गेला, की आपण बोट वर करायचं. इतकी वर्षं तो असाच पास झाला होता.

इथे काच नव्हती.

वरद तारा जोडायला सोफ्यामागे गेला. तिथून त्याचं बोलणं आलं ते असं:

"बाबा, आता …… मिटा. …… वाजेल …… बोट ……"

मृदुला शेजारी येऊन बसली. नवऱ्याच्या मनगटावर हात ठेवून, पण तोंड अजिमकडे अर्धं वळवून, ती मोठ्याने म्हणाली, "म्हणजे डोळे मिटायचे, आणि आवाज येईल तिकडे बोट दाखवायचं. होय ना रे?"

वरद समोर आला. समोर आला की त्याची वाक्यं पुन्हा सलग व्हायची.

"बरोबर. आणि पहिलं मत बाबांचंच. ऑडिओवाल्यांच्या ग्रुपवर सगळ्यांना सांगून ठेवलंय मी, की आमच्याकडे कानाने मशीनचं दुखणं ओळखणारा माणूस आहे."

"ते मात्र खरं," अजिम म्हणाला. तो समोर स्टुलावर बसला होता. "लाइनवर नवीन पोरं भाऊंना डॉक्टर म्हणतात. त्यांच्या भरवशावर तर मी डाय बदलायला प्रेसमध्ये वाकतो."

मृदुलाची बोटं मनगटावर किंचित घट्ट झाली.

प्रभाकरने डोळे मिटले.

आधी धमक आली. ती सोफ्यातून, पाठीतून, छातीतून आली. ती त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. मग

मग मृदुलाचा अंगठा दाबला गेला. प्रभाकरने डावीकडे बोट केलं.

"अचूक!"

करंगळी. उजवीकडे.

"बघा ना! जुन्यावर ही …… चिरकायची. आता कशी …… वाटते?"

"मोकळा आहे," प्रभाकर म्हणाला. "कुठे ओढाताण नाही." हे वाक्य त्याने सकाळी दाढी करतानाच ठरवून ठेवलं होतं.

अंगठा. डावीकडे. करंगळी. उजवीकडे.

"वा! आई, तू …… ना?"

"ऐकतेय," मृदुला म्हणाली.

अजिमला आज तिने बोलावलं होतं. प्रभाकरने का म्हणून विचारलं नव्हतं. अजिमची बायको सलिमा तिला भाजीबाजारात भेटली होती आणि हसत हसत सांगून गेली होती: यांचा हात आत होता, थांबा म्हणून ओरडले, पुन्हा ओरडले, तेव्हा कुठे भाऊंनी प्रेस थांबवला. आत वाकलेला माणूस बटणावरच्या माणसाला दिसत नाही. त्याची हाक तेवढी येते.

"दाराची बेल मी सांभाळीन," मृदुला काल स्वयंपाकघरात म्हणाली होती. "फोन सांभाळीन. त्या माणसाचा हात मी इथून कसा सांभाळू?"

"स्टोअरला टाकतील मला. खोकी मोजत बसायचं? निवृत्तीला राहिलंय किती आता."

"त्याला सांगा तरी."

"सांगितलं की झालंच ना सगळं."

त्यावर ती पोळ्या लाटत राहिली होती.

"आता शेवटचा," मागून वरद. "हा …… अवघड ……"

मृदुलाने हात काढून घेतला.



मनगटावर आता नुसती पंख्याची हवा लागत होती.



काहीतरी वाजत असणार. प्रभाकर थांबला. तिचा हात परत येईल म्हणून थांबला. मग त्याने डावीकडे बोट केलं. कुणी अचूक म्हणालं नाही. उजवीकडे केलं. त्याने डोळे उघडले.

मृदुला स्वतःच्या ओंजळीकडे बघत बसली होती. समोर अजिमची नजर छताकडे गेली होती, कोपऱ्यातल्या स्पीकरकडे. प्रभाकरने झटकन वर बोट दाखवलं.

अजिमने ते बोट पाहिलं. मग आपण कुठे बघत होतो, तिकडे पुन्हा पाहिलं. मग तो बराच वेळ प्रभाकरकडे बघत राहिला, आणि त्याने हाताने वरदला खूण केली. छातीतली धमक थांबली.

अ‍ॅम्प्लिफायरचा निळा दिवा तेवढा जळत होता.

अजिम पुढे झुकला. सकाळी लाइनवर बोलायचा तसाच बोलला, चेहरा समोर धरून, सावकाश.

"उद्या डाय बदलायची आहे, भाऊ. हात घालू ना आत?"

"घाल की," प्रभाकर म्हणाला. सुटल्यासारखं हसून म्हणाला. "मी आहे ना बटणावर."

अजिमने दोन्ही हात मांडीवरून उचलले आणि काखेत घट्ट दाबून धरले. मृदुलाने मान वर केली, पण प्रभाकरकडे नव्हे.

वरद सोफ्याला वळसा घालून समोर आला. त्याच्या हातात रिमोट होता.

"बाबा, कुणाला म्हणालात हे?" त्याने विचारलं. "काका तर काहीच बोलले नाहीत. नुसते ओठ हलवले त्यांनी."

वाक्य सलग आलं. एकही शब्द गळला नाही.