दोन कागदांची ब्रीफकेस

तपकिरी कातड्याची, तीन आकड्यांच्या कुलपाची जुनी ब्रीफकेस, ती मीच. माझा एक कोपरा उसवला आहे आणि मूठ दोनदा शिवून झाली आहे. मित्रांनो, ब्रीफकेसच्या नशिबी प्रवास फार, असे तुम्हाला वाटत असेल. मी मात्र माझी बारा वर्षे एका पत्र्याच्या कपाटात काढली. वर्षातून एकच दिवस बाहेर यायचे, तोही टाळ्यांसाठी.

एका लहानशा कारखान्यात मी तयार झाले. कारागिराने आतून निळे अस्तर लावले आणि झाकणाला दोन कप्पे शिवले, एक डावा, एक उजवा. कुलूप त्याने तीन शून्यांवर ठेवून दिले. घेणारा हवा तो आकडा लावून घेईल म्हणून. मला विकत घेतले साहेबांच्या बहिणीने. साहेब पहिल्यांदा खासदार झाले तेव्हा मला त्यांच्या हातात देत ती म्हणाली, "आता तरी कागद पिशवीतून नेऊ नकोस रे. लोकांना वाटतं भाजी आणायला निघालाय."

पहिली वर्षे मजेत गेली. विमाने, विश्रामगृहे, सभागृहाचे लांबलचक व्हरांडे. मग साहेब निवडणूक हरले. पुन्हा उभे राहिले, पुन्हा हरले. मतमोजणीच्या दिवशी सकाळी ते दर वेळी नवा सदरा घालून निघत, यावरून त्यांना पुढचे किती दिसत होते ते तुम्हीच ओळखा.

अशाच एका वर्षअखेरीस पक्ष कार्यालयात चार वार्ताहर चहा पीत बसले होते. त्यातल्या एकाने गंमत म्हणून विचारले, "साहेब, पुढच्या वर्षी देशात काय होणार?" साहेब चिडले. "लिहून ठेवतो. वर्षाने उघडा," म्हणाले, आणि खरेच एक कागद लिहून त्यांनी माझ्यात ठेवला. पक्षाच्या अध्यक्षांनी मला कपाटात बंद केले आणि किल्ली खिशात टाकली. कागदावर लिहिले होते: अर्थसंकल्पाआधी सरकार पडेल.

सरकार पडले. साहेबांइतके आश्चर्य दुसऱ्या कुणालाच वाटले नसेल.

पुढच्या वर्षाचा कागद माझ्यात बंद होताना बघायला कार्यालयात उभे राहायला जागा नव्हती. आदल्या दिवशी मला घरी आणून साहेब टेबलाशी बसून राहिले. 'सरकार टिकेल' असे लिहिले आणि फाडले. 'सरकार पडेल' असे लिहिले, तेही फाडले. जेवण निवून गेले. शेवटी त्यांनी दोन्ही लिहिले. 'टिकेल' डाव्या कप्प्यात गेले, 'पडेल' उजव्या कप्प्यात. खाली नऊ भाकिते दोन्ही कागदांवर सारखीच, चुकणे शक्यच नाही अशी गुळगुळीत: एक मंत्री नाराज होईल, महागाईवरून सभागृह तहकूब होईल, कुणीतरी पक्ष बदलेल. माझे झाकण लावून त्यांनी ते दोनदा दाबून पाहिले.

वर्ष सरले की मला टेबलावर ठेवीत. साहेब कुलपाची चाके उगाच फिरवून झाकण असे उघडत की माझे पोट फक्त त्यांनाच दिसे. हात बरोबर खऱ्या ठरलेल्या कागदाच्या कप्प्यात जाई. टाळ्या! दुसरा कागद घरी जाताना त्यांच्या खिशातून जाई. माझे फोटो छापून आले. लोक मला हात लावून बघत. मी मात्र आतून ओरडत होते, आणि कातड्याचा आवाज कुणाला ऐकू येत नाही.

एका वर्षी साहेब अध्यक्षांना म्हणाले, "यंदा राहू दे. मला काही कळेनासं झालंय."

अध्यक्ष हसले. "साहेब, तुम्हालाच कळत नाही म्हटल्यावर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं? आणि खरं सांगू? आपल्या पक्षाकडे लोकांना दाखवायला दुसरं आहे काय?"

कपाटाचे दार लागले. अंधारात मी एकटी होते, पण साहेब दाराबाहेर राहिले होते असे मला त्यानंतर कधी वाटले नाही.

बाराव्या वर्षी, वर्षाच्या मध्यावर, कार्यालयातले फोन सकाळपासून वाजत राहिले. खुर्च्या सरकल्या. कुणीतरी कपाटाला पाठ टेकून रडू लागले. पत्र्यातून मला एवढेच ऐकू आले, "साहेब गेले."

मी आत होते, ते दोन कागदही आत होते, आणि वर्ष संपायला पाच महिने बाकी होते.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी अध्यक्ष मला साहेबांच्या घरी घेऊन आले. साहेबांच्या मुलीला म्हणाले, "ताई, नंबर तुम्हालाच माहीत असणार. उद्या सगळ्यांसमोर उघडायची. कागद लावायला चौकटसुद्धा करून आणलीये. आणि पुढच्या वर्षाची यादी आता तुम्हीच लिहायची हं. रक्तातच आहे तुमच्या."

ते गेल्यावर मुलीने साहेबांची जन्मतारीख लावून पाहिली. आईची लावली. मग स्वतःची लावताना तिची बोटे थांबली. ज्यांनी मला विकत घेतले होते त्या आत्या पलंगावरून म्हणाल्या, "तीन शून्यं लाव. त्याला स्वतःचा फोन नंबर पाठ नव्हता. तो कुठला आकडा बदलतोय!"

मी उघडले. तिने डावा कागद वाचला. उजवा वाचला. पुन्हा डावा वाचला.

"आत्या, तुला ठाऊक होतं?"

"कपडे धुवायला कोण घ्यायचं त्याचे? खिसे मीच तपासायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तो बाहेरून आला की आधी माझ्या तोंडाकडे बघायचा. मी म्हणायचे, हातपाय धू, जेवायला बस." आत्यांनी चष्मा पुसला. "सरकार टिकलंय ना? मग दुसरा फाड आणि मोकळी हो."

"मोकळी कशी होणार? पुढच्या वर्षी दोन मला लिहावे लागतील."

मुलगी अंधार पडेपर्यंत माझ्यासमोर बसून होती, हुबेहूब साहेबांसारखी. एक फाडला तर बापाचे नाव राहणार होते आणि ती माझ्यात कायमची अडकणार होती. दोन्ही दाखवले तर ती सुटणार होती, आणि बापाचे नाव जाणार होते.

दुसऱ्या दिवशी तिने माझे झाकण उघडले आणि मला फिरवून माझे पोट लोकांकडे केले. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्ही वाचून दाखवले. आवाज कुठेही चढला नाही.

अध्यक्ष तिच्या कानाशी वाकले. "ताई, एक मागचा असेल. वय झालं होतं त्यांचं. सांगून टाका तसं."

"दोन्ही याच वर्षीचे आहेत. तारीख बघा ना."

पाठीमागून कुणीतरी म्हणाले, "म्हणजे बारा वर्षं आपल्याला उल्लू बनवलं?" कुणी हसले. पहिल्या वर्षी गंमत म्हणून प्रश्न विचारणारा तो जुना वार्ताहर मात्र हसला नाही. त्याने विचारले, "मग साहेबांचं खरं मत कुठलं होतं?"

"त्यांना माहीत नव्हतं," मुलगी म्हणाली. "आपल्यासारखंच."

चौकट रिकामी परत गेली. आम्हीही घरी आलो. मुलीने चपला काढल्या आणि दारातच विचारले, "वाईट केलं का गं मी?"

"तो असता तर आठ दिवस बोलला नसता तुझ्याशी," आत्या म्हणाल्या.

"आणि मग?"

"मग बारा वर्षांची झोप काढली असती."

तेव्हा कुठे ती मुलगी रडली. साहेब गेल्यापासून पहिल्यांदाच.

आता मी त्या घरातल्या मांडणीवर असते. मला कुणी विचारत नाही, आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी जुनी वस्तू असेल तर तिला अधूनमधून उघडा, कोरड्या फडक्याने पुसा, थोडी हवा लागू द्या. आमचे एवढ्यावर भागते. माणसांचे भागत नाही. घरातले मोठे माणूस टेबलाशी फार वेळ गप्प बसलेले दिसले तर जवळ जा. 'मला कळत नाही' असे ते म्हणाले, तर हसू नका, ऐकून घ्या. साहेबांनी तसे म्हणून पाहिले होते. तेव्हा जवळ होतो अध्यक्ष आणि मी. अध्यक्ष हसले, आणि मला साधे 'बरं' म्हणता येत नव्हते.