लवूच्या कागदाचा कोपरा

मित्रांनो, मी धोंडूच्या दुकानातली कागद ओवायची जुनी तार आहे. त्याआधी फुटक्या बालदीची कडी होते. धोंडूनं मला सरळ केलं, खाली लाकडाची चकती बसवली, वर आकडा वाकवला आणि देवबागातल्या आपल्या दुकानात खांबाला टांगलं. वाडीचं टपाल त्याच्याकडे यायचं. ज्याचा त्याचा कागद नेईपर्यंत मी सांभाळायची. लोक म्हणायचे, धोंडूच्या तारेवरचा कागद कधी हरवत नाही. मीही भाव खाल्ला, खोटं कशाला बोलू!

नर्मदाकाकीचा एकुलता एक लवू समुद्रापार मोंबाशाला लाकडाच्या वखारीत लागला होता. सत्तावन्न साली चार महिने त्याचा कागद आला नाही. म्हातारी रोज दुपारी यायची.

"कागद इलो काय रे, धोंडू?"

एका दुपारी होता! पण माझ्यात बिलं खचाखच भरलेली, आणि धोंडूनं कधी न पुसल्यामुळं अंगाला गंजाचे काटे आलेले. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. धोंडूनं घाईत मधूनच पाकीट ओढलं. कोपरा माझ्यातच राहिला.

मरणाची खबर असली की कागदाचा कोपरा फाडून पाठवायची रीत. असा कागद घरात ठेवत नाहीत. काकीनं फाटका कोपरा पाहिला आणि लवू गेला असंच धरलं. धोंडूला वाटलं, ते फाटूनच आलंय. तो फोडून वाचायला निघाला तशी तिनं ते हिसकावलं.

"वाचू नको रे. माका ऐकूक नको."

तिनं न फोडताच पाकिटाचे तुकडे केले आणि खाडीत सोडले. मी काय करणार? मला तोंड नाही. कोपरा पोटात घेऊन मी नुसती लटकत राहिले. काकीनं त्या दिवसापासून अंथरूण धरलं, अन्न टाकलं.

चतुर्थीला दुकान आवरताना धोंडूनं बिलं काढली आणि लाल-निळ्या किनारीचा तो कोपरा त्याच्या हाती आला. तसाच अनवाणी काकीच्या घरी धावला. परत येऊन सुपारीच्या पोत्यावर बसला आणि बायकोला सगळं सांगताना रडला. तो काकीला म्हणाला होता, "काकी, कोपरो माझ्या तारेर रवलेलो. लवू जित्तो आसा."

काकीनं त्याच्या हातावरून हात फिरवला होता. "माका बरा वाटाचा म्हणान सांगतंस तू. जा, दुकान उघडा रवला असात."

धोंडूनं मोंबाशाला लिहिलं. जबाबाला महिना तरी लागायचा. तो रोज तिला पेज भरवायला जायचा आणि रोज तेच सांगायचा. ती मान हलवायची. तिचा विश्वास काही बसला नाही.

लवूचा जबाब आला तेव्हा काकीला जाऊन नऊ दिवस झाले होते. "आये, मी बरो आसंय. शिमग्याक येतंय."

मित्रांनो, मी गंजले तो दोष कुणाचा, ते आता राहू दे. पण तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला अधूनमधून पुसा. आणि कुणाचा कागद काढायचा झाला तर ओढू नका. वरचे आधी उतरवा, मग तो दोन्ही हातांनी सोडवा. कुणीतरी समोर उभं राहून त्याची वाट बघत असतं.