गार करायचे तीन रुपये

मित्रांनो, तिसगावच्या स्टँडसमोर काचेच्या दाराचा, एका बाजूने गंजलेला फ्रीज दिसतो ना, तो मीच. नवा आलो तेव्हा दुकानाचे मालक कारभारीशेठ यांनी माझ्यापुढे नारळ फोडला, हार घातला. उन्हातून आलेली माणसं माझ्या दाराला नुसता हात लावूनही सुखावायची. काय ताठा आला होता मला!

पण शेठना माझ्यामुळे एक वाईट खोड लागली. बाटलीवर वीस छापलेलं असलं, तरी परक्या माणसाकडून ते तेवीस घ्यायचे. ओळखीच्यांना मात्र वीसच. खरं सांगू? मी दोघांनाही सारखंच गार देत होतो.

गेल्या उन्हाळ्यात ऊसतोडीहून परतणाऱ्या लंकाबाई स्टँडवर उतरल्या. त्यांच्या नातीला, सुकन्याला, उन्हाने भोवळ येत होती. लंकाबाईंनी पाण्याच्या बाटलीसाठी जवळची एकुलती विसाची नोट पुढे केली.

"तेवीस," शेठ म्हणाले.

"आजी, यावर तर वीस लिवलंय," सुकन्या म्हणाली.

"गार करायचे तीन. लाईटबिल कोण भरनार?"

"मंग गरमच द्या," लंकाबाई म्हणाल्या.

"गरम न्हाई. समद्या आतच हायेत."

शेठ मुद्दामच एकही बाटली बाहेर ठेवत नसत.

शाळेतले दानीएल सर शेजारीच उभे होते. त्यांनी नुकतीच तसलीच बाटली विसाला घेतली होती. ते ओशाळले. त्यांनी आपली बाटली सुकन्यापुढे धरली, पण लंकाबाईंनी तिचा हात मागे ओढला.

"नको, सर. आमी फुकट न्हाई, इकत मागितलं हुतं."

स्टँडच्या टाकीचं कढत पाणी पोर घटाघटा प्यायली. आणि मी इथे पोटात गारवा घेऊन उभा! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

सरांनी वजनमापे खात्याकडे तक्रार केली. साहेब आले. छापील किमतीवर एक रुपयाही जास्त घेणं गुन्हा आहे, असं सांगून त्यांनी दंड ठोकला. शेठ बरेच दिवस माझंच दार आपटत होते. आपटू देत, मला तेही कमीच वाटलं. आता भाव सगळ्यांना एकच आहे. लंकाबाई मात्र बाजारच्या दिवशी येतात, तेव्हा टाकीवरच पाणी पितात. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत.

मित्रांनो, छापलेली किंमत वाचत जा. जास्त मागितले तर विचारत जा. आणि तुम्हाला भाव नीट लागला, म्हणून लगेच पाठ फिरवू नका. तुमच्या मागे जो उभा आहे, त्याला काय भाव सांगतात, तेवढं ऐका आणि मगच निघा.