डाव्या काचेवरचा अंगठा

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. दोन नळ्यांची, खाऱ्या वाऱ्यात मुरलेली. अयूबने मला आखातातून आणलं, तेव्हा माझ्या काचा झऱ्यासारख्या नितळ होत्या. भाट्याच्या खाडीतून त्याची होडी निघाली की मी त्याच्या गळ्यात असायचे. "बायकोपेक्षा हिलाच जपता," असा टोमणा ताजबी मारायची, आणि मी मनातून फुलायचे.

एका पहाटे तो मला ओट्यावर विसरला. होडी धुक्यात शिरली, ती परतलीच नाही. माझ्या डाव्या काचेवर त्याच्या अंगठ्याचा ठसा तेवढा राहिला. ताजबीने तो कुणाला पुसू दिला नाही. अत्तराच्या रुमालात गुंडाळून तिने मला पेटीत ठेवलं. तिथल्या दमट काळोखात तो ठसा वाढू लागला. रेषेला रेषा फुटली, पांढरी, कोळ्याच्या जाळ्यासारखी. जणू कुणी हळूहळू काच चाचपत होतं.

मग लेक झोया मोठी झाली, मी पेटीबाहेर आले. मृगातल्या धूसर तेजोमेघात एक तारा आहे, कधी उजळणारा, कधी मंदावणारा. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून त्याचं तेज ठरवायचं आणि आकाश पाहणाऱ्या मंडळाला कळवायचं, हे काम तिने अंगावर घेतलं. मगरिबच्या नमाजनंतर, अंधार पडला की आम्ही अंगणात बसायचो. शेजारचे ठळक तारे टिकायचे, हा फिकट तारा मात्र रोज थोडा अधिक बुडायचा. "अम्मी, तारा विझत चाललाय," ती म्हणाली. माणूस गिळणारं धुकं ताजबीने पाहिलं होतं.

मला सारं ठाऊक होतं, मित्रांनो. पण दुर्बिणीला तोंड कुठलं?

एका संध्याकाळी झोयाने उजवा डोळा मिटला. डावीकडे नुसतं धुकं. मग डावा मिटला. उजवीकडे तारा शांत तेवत होता. आजवर तिने कळवलं ते चुकलं होतं. आणि खरं कळवायचं, तर अब्बाचा अंगठा पुसायला हवा होता. तिने मला आईच्या हातात दिलं.

ताजबीने एका काचेतून पाहिलं, मग दुसऱ्या. बराच वेळ. मग ओढणीचं टोक हाती घेतलं.

"तारा आहे ना बाय, मग आहे म्हणूनच कळव," ती म्हणाली, आणि तिने काच पुसली.

आता माझ्या दोन्ही डोळ्यांत तारा दिसतो. भोवती थोडं धुकं उरलंय, ते आकाशाचं. मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू पेटीत पुरू नका. तिला ऊन दाखवा, पुसा, वापरा.

बुरशीने काच मात्र खाल्लीच आहे. दव पडलं की अंगठा पुन्हा उमटतो. झोया तो पुसते. पुसण्याआधी क्षणभर थांबते.